घाटाखालचा सोमवार

सकाळी ८
वाईत, पसरणी घाटाच्या पायथ्याला गॅरेज असलं की सोमवार ब्रेकवाल्यांचाच. शनिवार-रविवारी पाचगणी-महाबळेश्वर करून आलेली मंडळी दारात उभी. पहिल्या काकांची तक्रार, गाडी हलली की करकरते. रात्रभर पाऊस होता, डिस्कवर गंज धरलाय. दोनदा ब्रेक मारले, आवाज गेला. काकांना तसंच पाठवलं.

साडेनऊ
टॅक्सी. ब्रेक दाबला की बारीक किंचाळी. पॅडला पत्र्याची छोटी जीभ असते. मसाला दोन-तीन मिलिमीटर उरला की ती डिस्कला लागते. बदलायलाच हवेत. सगळ्या पॅडना अशी जीभ नसते, त्यामुळे आवाजाच्या भरवशावर राहू नये.

११
"बाहेरून तर चांगला दिसतोय की!" चाकाच्या फटीतून मोबाइलचा टॉर्च मारून एक साहेब. चाक खोललं. बाहेरचा पॅड सहा मिलिमीटर, आतला पत्र्याला टेकलेला. कॅलिपरची पिन गंजून धरली होती. पिस्टन आतल्या पॅडला रेटतो, पण कॅलिपर सरकत नाही. मग बाहेरचा नुसता बसून खातो. साहेब गप्प. पिन साफ करून ग्रीस लावलं, डिस्कवर चर नव्हते, जाडी मोजून तीच ठेवली. पॅड मात्र पुढच्या दोन्ही चाकांचे बदलले, एका बाजूचे कधीच नाही.

पिस्टन मागे दाबायच्या आधी पोराला म्हटलं, "ऑइलची डबी बघ." काठोकाठ! पॅड झिजले की ब्रेक ऑइल खाली उतरतं. तीच तर खूण. कुणीतरी टॉपअप करून ती पुसून टाकलेली. सिरिंजने थोडं काढलं, नाहीतर उतू जाऊन रंग खाल्ला असता.

दुपारी ३
जळका वास. मायलेजसाठी घाट न्यूट्रलमध्ये उतरवलाय. पॅड जाड आहेत, पण वरून काचेसारखे चकचकीत, धरतच नाहीत. हेही बदला. ज्या गिअरात चढलात त्याच गिअरात उतरा, हे इथे शाळकरी पोरंही सांगतील.

साडेपाच
साहेबांची गाडी तयार. नवे पॅड घातल्यावर पहिलं पेडल थेट तळाला जातं, म्हणून जागेवरच पंप करून घट्ट केलं, मग ट्रायल. पहिले दोन-तीनशे किलोमीटर सबुरीने ब्रेक मारा, म्हणून बजावलं.

७
फोन. "पॅड किती किलोमीटरला बदलायचे?" हायवेवरची गाडी पन्नास हजार काढते, घाटातली टॅक्सी त्याच्या निम्मंही नाही. "उद्या दहाला आणा, दादा. चाक खोलून बघू."