आशय-गाळणी, मुक्तस्रोत

इंटरनेटवरून संगणकाकडे येणाऱ्या पानांपैकी विशिष्ट प्रकारची पाने ठरावीक नियमांनुसार अडविणाऱ्या आज्ञावलीला आशय-गाळणी म्हणतात. अशा आज्ञावलीचा सोर्स कोड, म्हणजे तिची माणसाला वाचता येणारी मूळ संहिता, सर्वांस पाहण्यास, बदलण्यास व पुन्हा वितरित करण्यास खुला असेल, तर ती गाळणी मुक्तस्रोत होय. शाळांत व ग्रंथालयांत अश्लील वा हिंसक मजकूर मुलांपुढे येऊ नये; व्यवसायसंस्थांत कामाचा वेळ वाया जाऊ नये व घातक आज्ञावली आत शिरू नयेत, हे तिच्या वापराचे प्रमुख हेतू आहेत. पान अडविले गेल्याचे वापरणाऱ्याला कळते. पण ते का अडविले, हे बहुधा कळत नाही. त्यामुळे अडविण्याचे निकष कोणी ठरविले आणि ते तपासता येतात की नाही, हा ह्या विषयातील कळीचा प्रश्न आहे.

पूर्वपीठिका : पहिल्या पिढीतील अनेक गाळण्या केवळ अक्षरांचा क्रम जुळवून पाहत. इंग्लंडमधील स्कनथॉर्प ह्या गावाच्या नावातील काही सलग अक्षरांचा एक अश्लील इंग्रजी शब्द होतो. त्यामुळे १९९६ मध्ये अमेरिका ऑनलाइन ह्या कंपनीच्या यंत्रणेने तेथील रहिवाशांची नोंदणी नाकारली. अशा प्रमादांना तेव्हापासून ‘स्कनथॉर्प समस्या’ असे नाव पडले. अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्याच्या लाउडन परगण्यातील सार्वजनिक ग्रंथालयांनी प्रौढ वाचकांनाही गाळणी लागू केली होती. ते धोरण अभिव्यक्तिस्वातंत्र्याशी विसंगत असल्याचा निर्णय १९९८ मध्ये तेथील संघीय न्यायालयाने दिला.

व्यापारी कंपन्या आपल्या प्रतिबंधित पत्त्यांच्या याद्या सांकेतिक रूपात गुप्त ठेवीत. २००० मध्ये मॅथ्यू स्काला व एडी यानसन ह्या दोन प्रोग्रामरांनी ‘सायबर पेट्रोल’ ह्या गाळणीच्या यादीचा संकेत उलगडला, तेव्हा तिची मालक असलेल्या मॅटेल कंपनीने त्यांच्यावर दावा लावला. त्याच वर्षी अमेरिकेतील प्रताधिकारविषयक नियमांत अशा याद्या उलगडून पाहण्यास अपवादात्मक मुभा मिळाली. २००३ मध्ये तिचे नूतनीकरण झाले. २००६ मध्ये मात्र झाले नाही. दरम्यान, डिसेंबर २००० मध्ये संमत झालेल्या बाल इंटरनेट संरक्षण अधिनियमाने इंटरनेट-जोडणीसाठी संघीय सवलत घेणाऱ्या शाळांना व ग्रंथालयांना गाळणी बसविणे बंधनकारक केले. प्रौढ वाचकासाठी गाळणी बंद करण्याची तरतूद असल्याचे लक्षात घेऊन सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये हा अधिनियम वैध ठरविला. म्हणजे गाळणी सक्तीची, पण तिची यादी पाहण्याचा मार्ग अनिश्चित, अशी स्थिती निर्माण झाली.

कार्यपद्धती : संस्थेतील सर्व संगणकांच्या मागण्या एका मध्यस्थ संगणकातून, म्हणजे प्रॉक्सी सर्व्हरमधून, पुढे पाठविल्या जातात. ह्या कामासाठी ‘स्क्विड’ ही आज्ञावली विशेष प्रचारात आहे. ‘हार्वेस्ट’ ह्या संशोधन-प्रकल्पातून ती उगम पावली व १९९६ मध्ये प्रसृत झाली. वारंवार लागणारी पाने साठवून ठेवणे हे तिचे मूळ कार्य. पुढे तिला गाळण्या जोडण्यात आल्या. त्यांचे दोन मुख्य प्रकार आहेत.

(१) पत्त्यांवर आधारित गाळणी : ‘स्क्विडगार्ड’ ही आज्ञावली मागितलेला पत्ता याद्यांशी ताडून पाहते व वापरणाऱ्याचा गट, दिवसाची वेळ इ. विचारात घेऊन परवानगी देते किंवा नाकारते. अशा विषयवार याद्यांपैकी फ्रान्समधील तूलूझ विद्यापीठात सांभाळली जाणारी यादी प्रसिद्ध असून ती कोणालाही उतरवून घेऊन वाचता येते.

(२) मजकुरावर आधारित गाळणी : डॅनियल बॅरन यांनी तयार केलेली ‘डॅन्सगार्डियन’ ही आज्ञावली प्रत्यक्ष पानातील शब्दसमूह तपासते. प्रत्येक शब्दसमूहाला धन वा ऋण भार दिलेला असतो व भारांची बेरीज ठरविलेल्या मर्यादेपलीकडे गेल्यास पान अडविले जाते. मार्गदर्शनार्थ ही मर्यादा लहान मुलांसाठी ५०, मोठ्या मुलांसाठी १०० व तरुणांसाठी १६० सुचविलेली आहे. समजा, एखाद्या पानातील शरीरविषयक शब्दांचे भार मिळून ७० झाले, पण ‘कर्करोग’, ‘निदान’, ‘शस्त्रक्रिया’ ह्या शब्दांचे भार मिळून उणे ४० असले, तर बेरीज ३० होऊन आरोग्यविषयक पान लहान मुलांच्या गटालाही खुले राहते. डॅन्सगार्डियनचा विकास थांबल्यावर तिच्या संहितेवरून ‘ई-टू-गार्डियन’ ही आज्ञावली पुढे चालू झाली. मूळ कर्ता बाजूला झाला, तरी काम खंडित होत नाही, हा मुक्तस्रोत पद्धतीचा आणखी एक लाभ होय.

ज्या भाषेतील शब्दसमूह यादीत नाहीत, त्या भाषेतील मजकुराची बेरीज शून्यच येते. म्हणून मराठी पाने तपासावयाची झाल्यास देवनागरी शब्दसमूह व त्यांचे भार वेगळे घालावे लागतात. यादी खुली असल्यास हे काम एखादी शाळाही करू शकते.

मर्यादा : संकेतस्थळांशी होणारी देवाणघेवाण आता बहुतांशी सांकेतिक रूपात होते. अशा वेळी मध्यस्थ संगणकाला सामान्यतः संकेतस्थळाचे नाव तेवढे कळते. पानातील मजकूर कळत नाही. तो तपासण्यासाठी संस्थेचे स्वतःचे प्रमाणपत्र प्रत्येक संगणकावर बसवून मध्येच संकेत उलगडावा लागतो. स्क्विडमध्ये तशी सोय आहे. परंतु तीमुळे बँकेचे व्यवहार, वैद्यकीय माहिती अशा खासगी गोष्टीही उघड होऊ शकतात. म्हणून अशी संकेतस्थळे तपासणीतून वगळणे व कर्मचाऱ्यांना वा पालकांना पूर्वसूचना देणे आवश्यक ठरते. ‘पाय-होल’सारख्या मुक्तस्रोत आज्ञावली केवळ संकेतस्थळाच्या नावाच्या पातळीवर काम करतात. त्यांत संकेत उलगडावा लागत नाही. मात्र संपूर्ण स्थळ अडविता येते, त्यातील एखादे पान अडविता येत नाही. नाव शोधण्याची क्रियाही सांकेतिक रूपात करण्याची पद्धत २०१८ मध्ये प्रमाणित झाल्यामुळे ही गाळणीही टाळता येते. विद्यार्थ्याच्या मोबाइलची स्वतंत्र जोडणी तर संस्थेच्या गाळणीतून जातच नाही.

संहिता खुली असली, म्हणजे निर्णय योग्यच असतो असे नाही. खुलेपणामुळे तो तपासता व दुरुस्त करता येतो, एवढेच. त्यासाठी अडविलेल्या पानांची नोंद नियमितपणे पाहणारी व चुकीने अडविलेले पान मागणीनुसार खुले करणारी जबाबदार व्यक्ती संस्थेत असावी लागते. अशी व्यवस्था नसल्यास मुक्तस्रोत गाळणी व गुप्त यादीची गाळणी ह्यांत वापरणाऱ्याच्या दृष्टीने फारसा फरक उरत नाही.