पाटीवरची पेन्सिल आणि कामगाराचा श्वास

पाटीवर लिहायची पेन्सिल आपण सर्वांनी हाताळलेली असते. मध्य प्रदेशातील मंदसौर येथे छोट्या कारखान्यांत पाटीचा दगड विजेच्या करवतीने कापून अशा पेन्सिली तयार होत. या कामात धोका कोठे होता?

करवतीने बोट कापेल, हे कोणीही सांगेल. दुसरा धोका मात्र सहज दिसत नाही. या दगडात सिलिका असते. कापताना उडणारे धुळीचे जाड कण नाका-घशात अडकतात. सुमारे ५ मायक्रॉनहून लहान कण फुप्फुसातील वायुकोशांपर्यंत पोहोचतात. तेथील भक्षक पेशी ते कण गिळतात, पण सिलिकामुळे त्या स्वतःच मरतात आणि फुप्फुसात कठीण गाठी तयार होऊ लागतात. हाच सिलिकोसिस. तो बरा करणारे औषध नाही. शिवाय क्षयाची शक्यताही वाढते. मंदसौरच्या कामगारांची वैद्यकीय पाहणी १९८५ साली प्रसिद्ध झाली. तपासलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांच्या क्ष-किरण चित्रांत हा रोग आढळला होता.

येथे 'धोका' आणि 'जोखीम' यांतील फरक लक्षात घ्यावा. दगडातील सिलिका हा धोका. न कापलेल्या दगडापाशी जोखीम नगण्य. करवतीपाशी दिवसभर बसणाऱ्याला ती फार मोठी. म्हणून कोणत्याही कामाची पाहणी करताना तीन प्रश्न विचारावेत : इजा कशाने होईल? कोणाला आणि किती वेळ संपर्क येतो? इजा किती गंभीर असेल?

त्यानंतर उपाय. तोंडाला फडके बांधणे पुरेसे नाही. सूक्ष्म कण त्यातून आत जातात. पाण्याची धार सोडून धूळ उडूच न देणे, किंवा ती करवतीपाशीच शोषून घेणे, हे उपाय आधी करायचे.

१९४८ च्या कारखाने कायद्यात वीज वापरणारा उद्योग 'कारखाना' ठरण्यास साधारणपणे १० कामगार लागत. २०२० च्या संहितेने ही संख्या २० केली. त्याहून लहान ठिकाणी मालक आणि कामगार यांनी स्वतःच पाहणी करणे म्हणूनच अधिक गरजेचे.

वर्गात एक प्रयोग करता येईल. खोलीत अंधार करून डस्टर हलकेच झटका आणि बाजूने विजेरीचा झोत टाका. एरवी न दिसणारी धूळ चमकू लागेल. खडूची धूळ आणि दगडाची धूळ झोतात सारखीच दिसते. पण खडू मुख्यतः जिप्सम किंवा चुनखडीचा असतो. धूळ किती, याबरोबरच ती कशाची, हेही विचारायला विद्यार्थ्यांनी शिकावे.