पालगडचे कर्ज आणि खानदेशचा शेतसारा

दारिद्र्य भोगलेला मनुष्य दरिद्र्यांविषयी कनवाळू होतोच, असा नियम नाही. हलाखीतून वर आलेली कित्येक माणसे पुढे कठोर होतात, आपण सोसले तसे इतरांनीही सोसावे असे म्हणू लागतात. लहानपणीच्या गरिबीतून करुणा कशी उपजते आणि त्या करुणेतून कार्य कसे उभे राहते, हे समजून घ्यावयाचे असेल तर साने गुरुजींच्या जीवनाकडे, विशेषतः त्यांच्या खानदेशातील वर्षांकडे पाहावे लागते.

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील पालगड येथे झाला. घराणे खोतांचे, एकेकाळचे सुस्थितीतले. परंतु त्यांच्या बालपणीच ते कर्जात बुडाले. सावकाराचा तगादा, जप्ती, गावात झालेली अप्रतिष्ठा या गोष्टी 'श्यामची आई'च्या वाचकांस परिचित आहेत. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या या कथारूप आठवणींत आईच्या मायेइतकीच ऋणाची दाहकताही भरलेली आहे, याकडे मात्र आपले पुरेसे लक्ष जात नाही.

त्या घरात एक गोष्ट टिकून राहिली होती. स्वतःची चूल जेमतेम पेटत असतानाही यशोदाबाई आजारी पडलेल्या कांडपिणीची विचारपूस करीत असत. लाकडाची मोळी उचलता न येणाऱ्या वृद्ध महार स्त्रीला हात देण्यास त्यांनी मुलाला पाठविले. शिवाशिवीचा प्रश्न निघाला तेव्हा घरी येऊन स्नान कर, असे सांगितले. रूढी त्यांनी मोडली नाही. पण ती माणुसकीच्या आड येऊ दिली नाही. शिक्षणासाठी औंध व पुणे येथे अर्धपोटी दिवस काढणाऱ्या पांडुरंगाजवळ हा संस्कार होता. आई १९१७ साली वारली, तेव्हा तो पुण्यास होता. शेवटची भेट घडली नाही.

तत्त्वज्ञानाच्या अभ्यासासाठी ते अमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिरात आले आणि १९२४ मध्ये तेथील खानदेश एज्युकेशन सोसायटीच्या शाळेत शिक्षक झाले. पुढे छात्रालयाची जबाबदारी त्यांच्याकडे आली. खेड्यापाड्यांतून आलेल्या मुलांच्या खोल्या ते स्वतः झाडीत, कपडे धूत, आजाऱ्याच्या उशाशी रात्र काढीत; गरीब विद्यार्थ्यांसाठी पगारातून पैसे खर्च होत. मुलांसाठी 'छात्रालय दैनिक' हे हस्तलिखित ते काढीत असत. या सेवेत उपकाराचा भाव नव्हता. मदत घेणाऱ्याला किती ओशाळे वाटते हे ज्याने लहानपणी अनुभवले आहे, त्यालाच ती न बोलता, न मिरविता करता येते. जळगाव, धुळे व नंदुरबार या जिल्ह्यांत आज वसतिगृहे व आश्रमशाळा पुष्कळ आहेत. तेथील अधीक्षकांना नियमपुस्तिका मिळते. पण मुलाचा सदरा रात्री कोणी धुतला, याची नोंद त्या पुस्तिकेत कोठे करावयाची?

१९३० साली शाळेचा राजीनामा देऊन गुरुजी कायदेभंगाच्या चळवळीत शिरले. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीतेवरील अठरा प्रवचने त्यांनी टिपून घेतली, हे सर्वश्रुत आहे. मात्र आपल्या विषयाच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाचे वळण पुढेच आहे. डिसेंबर १९३६ मध्ये यावल तालुक्यातील फैजपूर येथे काँग्रेसचे पहिले ग्रामीण अधिवेशन भरले. अध्यक्ष पंडित जवाहरलाल नेहरू होते. अधिवेशनाच्या तयारीसाठी गुरुजींनी गावोगाव पायपीट केली. सारा व खंड कमी व्हावा, शेतकऱ्याचे कर्ज हलके व्हावे, असा शेतीविषयक कार्यक्रम तेथे संमत झाला. पालगडच्या एका घराला बुडविणारे कर्ज आता राष्ट्रसभेच्या ठरावाचा विषय झाले होते.

१९३८ मध्ये त्यांनी अमळनेरहून 'काँग्रेस' नावाचे साप्ताहिक सुरू केले. त्या सुमारास पूर्व खानदेशात, म्हणजे आजच्या जळगाव जिल्ह्यात, पिके बुडाली असता त्यांनी सारामाफीसाठी शेतकऱ्यांना संघटित केले. रयतवारी पद्धतीत सारा रोख भरावा लागे. सूट किंवा तहकुबी मिळणे पिकाच्या आणेवारीवर अवलंबून असे आणि ती आणेवारी ठरविणे महसुली यंत्रणेच्या हाती होते. आकडा दोन आण्यांनी चढला की कुटुंब सावकाराच्या दारात उभे राही. मुंबई प्रांतात तेव्हा बाळासाहेब खेरांचे, म्हणजे गुरुजींच्याच पक्षाचे मंत्रिमंडळ होते. आपल्या माणसांच्या सरकारपाशी मागणे मांडताना संकोच होणे स्वाभाविक होते. शेतकऱ्यांची बाजू घेताना त्यांनी तो बाळगला नाही. धुळे व अमळनेर येथील गिरणी कामगारांच्या संघटनेतही ते उतरले. अमळनेरची प्रताप मिल ज्या श्रीमंत प्रतापशेठांची, त्यांच्याच उदारतेतून तत्त्वज्ञान मंदिर उभे राहिले होते, हे ध्यानात घेतले म्हणजे या भूमिकेचे मोल कळते. दात्याविषयी कृतज्ञता आणि कामगाराच्या हक्काचा आग्रह यांत त्यांना विरोध दिसला नाही. अनेकांना तो दिसतो, आणि मग ते गप्प बसतात.

छात्रालयातील धुणी आणि शेतसाऱ्याची चळवळ ही दोन निराळी कामे वाटतात. गुरुजींच्या ठायी ती एकाच अनुभवाची दोन रूपे होती. एका मुलाचे दुःख हाताने निवारता येते. पण शंभर गावांवरचा सारा हाताने निवारता येत नाही, त्यासाठी माणसे जमवून शासनाच्या दारी जावे लागते.

जातीने लादलेले दैन्यही त्यांच्या दृष्टीआड नव्हते. पंढरपूरचे विठ्ठल मंदिर अस्पृश्य मानलेल्यांना खुले व्हावे म्हणून त्यांनी महाराष्ट्रभर दौरा केला आणि १ मे १९४७ रोजी पंढरपुरात उपोषण आरंभिले. ते दहा मेपर्यंत चालले आणि मंदिर खुले करण्याचे मान्य झाल्यावर सुटले. पालगडला मोळी उचलून दिल्यावर मुलाला स्नान करावे लागले होते. त्याच मुलाने आता त्या मोळीवाल्या वृद्धेच्या लेकरांसाठी विठ्ठलाचा दरवाजा मागितला होता.