पुरळ दिसलं की आधी ताप बघा!

आमच्या इगतपुरीचा पाऊस काय सांगावा! एकदा लागला की दिवसचे दिवस ऊन दिसत नाही. बाळाची झबली, लंगोट घरातल्या दोरीवर दमटच राहतात. अशात पोराच्या अंगावर लाल पुरळ उठलं की शेजारणी लगेच निदान करतात. कुणी म्हणतं घामोळं, कुणी म्हणतं अंगात उष्णता, कुणी म्हणतं दृष्ट लागली. बचत गटाच्या बैठकीत दर पावसाळ्यात मला कुणी ना कुणी विचारतंच, "ताई, हे कशानं उठलं असेल हो?"

मैत्रिणींनो, नुसतं पुरळ बघून डॉक्टरांनाही कधीकधी कारण सांगता येत नाही. बऱ्याचदा ते साध्या विषाणूमुळे येतं आणि आपोआप जातं. पण काही खुणा आपण ओळखायला हव्यात. रात्री खाज वाढते, बोटांच्या बेचक्यांत बारीक फोड दिसतात, घरात आणखी कुणी खाजवतंय, तर ती बहुधा खरूज. तिचं औषध घरातल्या सगळ्यांनी एकाच वेळी लावायचं, नाहीतर ती फिरून येते. तोंडात, तळहातावर, तळपायावर फोड आले तर तो हात-पाय-तोंडाचा आजार असू शकतो. मेडिकलमधून कुणाच्या सांगण्यावरून स्टेरॉइडचं मलम मात्र आणू नका. नायटा त्यानं दबल्यासारखा वाटतो आणि जास्तच पसरतो.

खरी भीती गोवराची. आधी तीन-चार दिवस जोराचा ताप, खोकला, वाहतं नाक, लाल डोळे; मग कानामागून, चेहऱ्यावरून पुरळ सुरू होतं आणि खाली उतरतं. २०२२ च्या नोव्हेंबरात मुंबईत गोवंडीला, भिवंडीत आणि आपल्याच जिल्ह्यातल्या मालेगावात गोवराची साथ आली. लहान लेकरं दगावली. कोरोनाच्या काळात कितीतरी बाळांच्या लसी राहून गेल्या होत्या.

आपल्याकडे गोवर म्हणजे देवीचा कोप, औषध द्यायचं नाही, असा समज अजून आहे. उशाशी कडुलिंबाचा पाला खुशाल ठेवा, पण दवाखाना चुकवू नका. गोवरात डॉक्टर 'अ' जीवनसत्त्वाचे डोस देतात, त्यानं डोळे आणि जीव वाचतो. पुरळ उठल्यापासून चार दिवस मुलाला अंगणवाडीत पाठवू नका. धाप लागली, बाळ पीत नाही, झटका आला, सुस्त पडलं, किंवा काचेचा पेला दाबूनही जांभळे डाग फिके होत नसतील, तर क्षणभरही थांबू नका.

गोवर-रुबेलाची लस सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर, दुसरा सोळा ते चोवीस महिन्यांत. मजुरीसाठी गाव सोडणाऱ्या बायांचा दुसरा डोस हमखास राहतो. तुमच्या आळीत, पाड्यावर अशी कुणी असेल तर तिला आशाताईंकडे घेऊन जा. राहिलेला डोस उशिरानंही देतात. आणि आज दुपारी भांडी आवरली की आपल्या बाळाचं लसीचं कार्डही डब्यातून काढून बघाच.