संचिका-विनिमय, आंतरजालीय

संचिका-विनिमय, आंतरजालीय : संगीत, चित्रपट, ग्रंथ इत्यादींच्या संगणकीय संचिका आंतरजालाद्वारे परस्परांस देण्या-घेण्याची पद्धती. हीत मूळ प्रत देणाऱ्याकडे कायम राहून घेणाऱ्याकडे तशीच निर्दोष प्रत तयार होते आणि तिचा खर्च नगण्य असतो. त्यामुळे प्रतींच्या विक्रीवर उभारलेल्या मनोरंजन-उद्योगाच्या पायालाच धक्का बसला.

एमपी३ या संक्षेपण-पद्धतीमुळे गाण्याची संचिका मूळ आकाराच्या सुमारे एकदशांश झाली व ती पाठविणे सुकर झाले. १९९९ मध्ये शॉन फॅनिंग व शॉन पार्कर यांनी अमेरिकेत नॅप्स्टर ही सेवा सुरू केली. तीत गाणी सदस्यांच्या संगणकांवर, परंतु त्यांची सूची मध्यवर्ती संगणकावर असे. म्हणूनच न्यायालयीन आदेशानंतर २००१ मध्ये ती बंद पडली. त्याच वर्षी ब्रॅम कोएन यांनी बिटटोरंट ही पद्धती पुढे आणली. तीत संचिकेचे लहान तुकडे पाडले जातात व प्रत्येक घेणारा मिळालेले तुकडे इतरांस पुरवितो. साहजिकच मागणीबरोबर पुरवठाही वाढतो. हक्कभंगास उत्तेजन देणारा वितरक जबाबदार ठरतो, असा निर्णय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ग्रोक्स्टर खटल्यात (२००५) दिला. तथापि विनिमय थांबला नाही.

अंतिमतः दाव्यांपेक्षा सोय व माफक किंमत अधिक परिणामकारक ठरली. ॲपलने २००३ मध्ये एकेक गाणे ९९ सेंटना विकण्यास आरंभ केला. २००८ मध्ये स्वीडनमधील स्पॉटिफायने वर्गणी वा जाहिराती यांवर चालणारी श्रवणसेवा सुरू केली. ध्वनिमुद्रित संगीताचे घटलेले जागतिक उत्पन्न २०१५ पासून पुन्हा वाढू लागले आणि २०१९ मध्ये त्यातील निम्म्याहून अधिक भाग स्ट्रीमिंगचा होता. मात्र हे उत्पन्न सामान्यतः श्रवणसंख्येच्या प्रमाणात वाटले जात असल्याने अल्पश्रुत कलावंतांच्या वाट्यास फारच थोडे येते. चित्रपटांच्या बाबतीत निरनिराळ्या सेवांच्या स्वतंत्र वर्गण्यांमुळे प्रेक्षक पुन्हा अनधिकृत प्रतींकडे वळण्याचा संभव असतो.

भारतात २०१२ च्या दुरुस्तीने स्वामित्वहक्क कायद्यात गीतकार व संगीतकार यांना चित्रपटगृहाबाहेरील वापराच्या मानधनात समान वाटा मिळाला. तो हक्क त्यांना सोडूनही देता येत नाही. २०२३ च्या चलच्चित्र दुरुस्ती अधिनियमाने चित्रपटाच्या अनधिकृत मुद्रणास तीन वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद केली. तथापि या उद्योगाचे भवितव्य केवळ शिक्षेवर नव्हे, तर सुलभ उपलब्धता, वाजवी किंमत व कलावंताचा न्याय्य वाटा यांचा मेळ कितपत साधतो, यावर अवलंबून राहील.