नव्या पैशांचे संच व त्यांची स्थितिपरीक्षा

शिवराई, होन, मोहरा किंवा निरनिराळ्या टांकसाळींचे रुपये यांचा शोध आपले संग्राहक कसोशीनें करीत आले आहेत. परंतु आपल्याच हयातींत चलनांत असलेल्या नाण्यांकडे त्यांची दृष्टि क्वचितच वळते. जें कोट्यवधि पाडलें गेलें तें काय म्हणून जपावयाचें, असा यामागील समज दिसतो. तो बरोबर नाहीं. जी वस्तु सर्वांजवळ असते ती कोणीच सांभाळीत नाहीं, व चलन बंद झालें म्हणजे ती भट्टींत जाते. पंचवीस पैसे व त्याहून कमी किंमतीचीं सर्व नाणीं ३० जून २०११ पासून कायदेशीर चलन राहिलीं नाहींत. तेव्हां जें उरलें आहे तें डोळसपणें निवडून ठेवण्याची हीच वेळ आहे. ही निवड कोणत्या नियमानें करावी, हें एका मालिकेच्या उदाहरणानें दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

ही मालिका ‘नव्या पैशां’ची होय. नाण्यांच्या कायद्यांत १९५५ सालीं दुरुस्ती होऊन १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर भाग करण्यांत आले. त्यापूर्वीं रुपयाचे सोळा आणे, म्हणजे चौसष्ट पैसे होत. त्या जुन्या पैशाशीं घोटाळा होऊं नये म्हणून नूतन नाण्यास ‘नया पैसा’ हें नांव मिळालें. १ जून १९६४ पासून ‘नया’ हें विशेषण गळलें. या सात वर्षांच्या अवधींत सहा किंमतींचीं नाणीं निघालीं. एक नया पैसा गोल, ब्राँझचा, दीड ग्रॅम वजनाचा; दोन व दहा कंगोरेदार आणि पांच चौकोनी, तिन्ही ताम्र-निकल मिश्रधातूंचीं; पंचवीस व पन्नास शुद्ध निकलचीं, अनुक्रमें अडीच व पांच ग्रॅम वजनाचीं. यांपैकीं पन्नासाचें नाणें १९६० सालापासून आढळतें. निकल लोहचुंबकास चिकटतें, ताम्र-निकल चिकटत नाहीं; म्हणून पंचवीस नव्या पैशांचें नाणें चुंबकास दाद देत नसेल तर त्याविषयीं संशय घ्यावा.

संच तीन प्रकारें लावतां येतो. प्रत्येक किंमतीचें एकेक नाणें घेतलें म्हणजे पहिला प्रकार झाला. तो सोपा, परंतु त्यापासून बोध थोडा. प्रत्येक सनाचें नाणें घेणें हा दुसरा. यांत धातूंतील फेरफार दिसूं लागतात. उदाहरणार्थ, १९६२ सालचा एक नया पैसा ब्राँझचाही मिळतो व निकल-पितळेचाही मिळतो. प्रत्येक सनाच्या नाण्याचे टांकसाळवार नमुने लावणें हा तिसरा प्रकार. संशोधकास तोच खरा उपयोगी. हीं नाणीं मुंबई, कलकत्ता व हैदराबाद येथें पाडलीं गेलीं. मुंबईच्या नाण्यावर सनाखालीं पत्त्यांतील चौकटीसारखी बारीक खूण असते. हैदराबादची खूण कांहीं वर्षें मधोमध दुभागलेली चौकट, तर कांहीं वर्षें आंत ठिपका असलेली चौकट अशी आहे. कलकत्त्याची खूण मुळींच नाहीं.

आतां स्थितिपरीक्षेचें महत्त्व ध्यानांत येईल. हैदराबादच्या चौकटीमधील भेग वापरानें बुजली कीं ती मुंबईची चौकट भासते. मुंबईची चौकट झिजून नाहींशी झाली कीं तेंच नाणें कलकत्त्याचें म्हणून खपतें. कलकत्त्याचा निर्णय खुणेच्या अभावावर अवलंबून असल्यामुळें सनाखालील जागा स्वच्छ व अक्षत असेल तरच तो ग्राह्य धरावा. अर्थात् नाण्याची स्थिति ही केवळ शोभा नसून पुरावा आहे. ज्या पत्राची तारीख वाळवीनें खाल्ली आहे, त्याचा काळ अंदाजानें भरून कोणी छापीत नाहीं. येथेंही न्याय तोच.

झीज ओळखतांना झीज व उथळ छाप यांत भेद केला पाहिजे. नाणें ठशाखालीं दाबलें जातें तेव्हां धातु ठशाच्या खोलगट भागांत चढते, आणि तिच्या पसरण्याच्या अतिसूक्ष्म रेषा पृष्ठभागावर राहतात. नाणें दिव्याखालीं तिरपें धरून फिरविलें असतां जी झळाळी चक्राकार फिरते ती या रेषांमुळें. दाब कमी पडला असेल तर सिंहांच्या आयाळीचे केस उमटत नाहींत, पण त्या जागीं झळाळी कायम असते. वापरानें झीज झाली असेल तर उंच भागांवरील, म्हणजे सिंहांच्या मुखावरील व आयाळीवरील, झळाळी प्रथम जाते आणि तेथें मंद, निराळ्या छटेचा डाग दिसतो. पहिला दोष टांकसाळीचा, दुसरा काळाचा; नोंदींत ते वेगळे लिहावे.

व्यापाऱ्यांच्या याद्यांतील इंग्रजी संज्ञा जपून वाचाव्या. ‘गुड’ या शब्दानें चांगलें नाणें समजूं नये. तें बरेंच झिजलेलें असतें. त्यावर ‘फाइन’, ‘व्हेरी फाइन’, ‘एक्स्ट्रीमली फाइन’ अशा पायऱ्या असून ‘अनसर्क्युलेटेड’ म्हणजे चलनांत न फिरलेलें. विल्यम शेल्डन यांनीं १९४९ सालीं अमेरिकेच्या जुन्या सेंट नाण्यांसाठीं एक ते सत्तर अशी अंकश्रेणी योजिली. पुढें तीच सर्वत्र रूढ झाली. ‘प्रूफ’ ही मात्र स्थितीची पायरी नव्हे. मुद्दाम घोटलेल्या ठशांनीं व निवडक चकत्यांवर पाडलेल्या नाण्यास ती संज्ञा आहे. असें नाणें हाताळून खराब झालें तरी तें प्रूफच राहतें.

सर्वांत मोठा घात साफसफाईनें होतो. तांब्यापितळेचीं भांडीं चिंचेनें व राखेनें घासण्याची आपली रीत घरांत योग्य असली तरी नाण्यास ती मारक आहे. आम्लानें झळाळीच्या रेषा विरघळतात, राखेनें त्यांवर ओरखडे पडतात, आणि ब्राँझवरील कालानुरूप चढलेला तपकिरी थर निघून उघडा, भडक रंग दिसतो. वर सांगितलेल्या १९६२ च्या दोन प्रकारांत रंग हाच प्रथमदर्शनीं पुरावा असल्यामुळें घासलेलें नाणें परीक्षेस निरुपयोगी होतें. घासून चकचकीत केलेल्या नाण्यापेक्षां मळलेलें, परंतु मूळ पृष्ठ राखलेलें नाणें केव्हांही पत्करावें.

जतनाविषयीं थोडक्यांत सांगतों. नाणें कडेनेंच धरावें. घामाचे ठसे कालांतरानें धातूंत उतरतात. पी. व्ही. सी. च्या मऊ पिशव्या वर्ज्य कराव्या, कारण त्यांतून सुटणाऱ्या द्रव्यांनीं नाण्यावर हिरवट चिकट थर धरतो. आम्लरहित कागदाचीं पाकिटें उत्तम. पावसाळ्यांत, विशेषतः कोंकणपट्टींत, पेटींत ओल शोषणारी पुडी ठेवावी. टांकसाळीच्या मूळ वेष्टनांतील संच फोडूं नये. संग्राहकानें स्वतः जुळविला असल्यास तसें स्पष्ट लिहावें.

शेवटीं प्रत्येक नाण्यामागें एक चिठी असावी: किंमत, सन, टांकसाळीची खूण, धातु, वजन, झीज कोठें व किती, नाणें कोठून व केव्हां मिळालें. खूण वाचतां येत नसेल तर ‘टांकसाळ अनिश्चित’ एवढेंच लिहावें व संचांतील ती जागा रिकामी ठेवावी. संशयित नाण्यानें भरलेल्या जागेपेक्षां रिकामी जागा पुढील अभ्यासकास अधिक उपयोगी पडते.