बटणांची फळी : शाळेत तयार करावयाचे एक साधन

उद्देश

संगणकाच्या नेहमीच्या कळफलकावर शंभराच्या आसपास कळा असतात आणि शेजारच्या दोन कळांच्या मध्यबिंदूंतील अंतर सुमारे 19 मि.मी. असते. ज्या विद्यार्थ्याची बोटे मोकळी चालतात त्याला हा फलक थोड्या सवयीने साधतो. परंतु ज्याची बोटे ताठर आहेत, ज्याच्या हाताला कंप आहे किंवा ज्याला मूठ उघडणेच कष्टाचे जाते, त्याचा हात एका वेळी तीन-चार कळांवर पडतो. उत्तर ठाऊक असूनही पडद्यावर भलतेच उमटते. त्याला उत्तर आले नाही असा वर्गाचा समज होतो आणि काही दिवसांनी त्या मुलाचाही तोच समज होऊन बसतो. हे नुकसान टाळण्याचा एक सोपा उपाय म्हणजे मोठ्या बटणांची फळी. ती गावच्या सुताराच्या मदतीने शाळेतच तयार करता येते.

पूर्वपीठिका

अशा फळ्या प्रथम खेळयंत्रांसाठी तयार झाल्या. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत 1962 साली ‘स्पेसवॉर’ हा खेळ मोठ्या संगणकावर चालू झाला. प्रारंभी तो यंत्राच्या दर्शनी भागावरील खटक्यांनी खेळावा लागे व त्यामुळे खेळणाऱ्यांची कोपरे दुखून येत. तेव्हा ॲलन कोटॉक आणि बॉब सॉन्डर्स या विद्यार्थ्यांनी, संस्थेतील छोट्या आगगाड्यांच्या मंडळाकडे पडून असलेल्या सामानातून खेळण्यासाठी स्वतंत्र पेट्या बनविल्या. यंत्र होते तेच राहिले. हाताला सोयीचे साधन तेवढे नवे आले. पुढे 1979 साली अटारी कंपनीच्या ‘ॲस्टरॉइड्स’ या यंत्रात सारा खेळ केवळ पाच बटणांवर चालविला गेला. डावीकडे वळणे, उजवीकडे वळणे, पुढे जाणे, मारा करणे आणि अदृश्य होणे, अशी त्यांची कामे होती. पाच मोठी बटणे पुष्कळ काम करू शकतात, हे यावरून ध्यानात येईल. प्रस्तुत फळीही पाच बटणांचीच योजली आहे.

बटणाची रचना

खेळयंत्राच्या बटणाला फळीच्या वर दिसणारी टोपी, खाली आटे असलेला नळा, तो आवळणारी चाकी आणि तळाशी मायक्रोस्विच असे भाग असतात. मायक्रोस्विचचे पेटंट अमेरिकेत 1932 साली पीटर मॅकगॉल यांना मिळाले. त्याच्या पोटातील लवचिक धातूची पट्टी थोड्याशा दाबाने एका बाजूकडून दुसऱ्या बाजूस झटक्याने उडी घेते. म्हणूनच ‘टक्’ असा आवाज येतो. दाब पोहोचला, हे बोटाला आणि कानाला एकदमच कळते. मंद हालचाल करणाऱ्या विद्यार्थ्यास ही खूण फार उपयोगी पडते.

मायक्रोस्विचला तीन टोके असतात. एक सामाईक, दुसरे, बटण दाबल्यावर सामाईकाशी जोडले जाणारे, तिसरे, बटण दाबल्यावर सुटणारे. येथे पहिली दोनच वापरावयाची आहेत.

फळी तयार करणे

प्रथम जाड पुठ्ठ्याचा नमुना करावा. जो विद्यार्थी फळी वापरणार त्याला समोर बसवून, त्याचा हात सहज कोठे टेकतो ते पाहावे व पुठ्ठ्यावर हाताची रेषा काढून घ्यावी. बटणांच्या जागी बाटल्यांची झाकणे ठेवून ती त्याला दाबावयास सांगावी. कोणते झाकण दूर पडते, कोणते चुकून दाबले जाते, हे त्यालाच विचारावे. नेहमीच्या हातासाठी दोन बटणांच्या मध्यबिंदूंत 4 सें.मी. अंतर पुरते, हात हिसकत असल्यास ते 10 सें.मी. पर्यंत वाढवावे. एवढ्यानेही शेजारचे बटण दाबले जात असेल, तर बटणांभोवती छिद्रे पाडलेली दुसरी फळी थोड्या उंचीवर बसवावी. त्यावर तळहात टेकून नेमक्या छिद्रातून बटण दाबता येते.

नमुना ठरल्यावर 12 मि.मी. जाडीचे प्लायवुड घ्यावे. बटणे दाट असल्यास 40 सें.मी. लांब व 22 सें.मी. रुंद तुकडा पुरतो. अंतर वाढविल्यास लांबीही वाढवावी. बटणे आधी आणावीत व छिद्रे नंतर पाडावीत. बाजारात 28 मि.मी. च्या व 30 मि.मी. च्या छिद्रांत बसणारी, अशी दोन्ही प्रकारची बटणे मिळतात. म्हणून नळ्याचा व्यास व्हर्निअरने मोजावा. हे मोजमाप विद्यार्थ्यांकडून करून घेतल्यास तो गणिताचा धडाच होईल. पातळ पत्र्यात खटकन बसणारी बटणे या जाडीत बसत नाहीत. लांब आटे व चाकी असलेलीच मागावीत.

सुतार ज्याला होल सॉ म्हणतात त्या गोल करवतीने छिद्रे पाडावीत. करवत एकाच बाजूने आरपार नेल्यास खालचा थर फाटतो. निम्मे छिद्र झाल्यावर फळी उलटवून दुसऱ्या बाजूने पुरे करावे. कडा काचकागदाने घासाव्यात. पेटी पुढून 7 व मागून 10 सें.मी. उंच ठेवल्यास फळीला हलका उतार मिळतो आणि खाली मायक्रोस्विचला जागा राहते. पेटीच्या तळाला रबराचे तुकडे लावावेत, म्हणजे ती सरकणार नाही.

तारांची जोडणी

पाचही बटणांची सामाईक टोके एकाच तारेने पहिल्यापासून पाचव्यापर्यंत जोडावीत. दुसऱ्या टोकापासून मात्र प्रत्येक बटणाची स्वतंत्र तार काढावी. सामाईक तार काळी व बाकीच्या वेगवेगळ्या रंगांच्या असाव्यात. येथे वरच्या वर्गास प्रश्न घालावा : सामाईक तार पहिल्या बटणाकडून येत असून ती दुसऱ्या व तिसऱ्या बटणांच्या मध्ये तुटली, तर कोणती बटणे बंद पडतील? तिसरे, चौथे व पाचवे. तारेचे शेवटचे टोक परत आणून सुरुवातीस जोडले, तर एके ठिकाणी तुटूनही सर्व बटणे चालू राहतील. हे विद्यार्थ्यांनी स्वतः तार सोडवून पाहावे.

संगणकास जोडण्यापूर्वी एक घट, विजेरीचा लहान दिवा व दोन तारा घेऊन प्रत्येक बटण तपासावे. बटण दाबताच दिवा लागला पाहिजे व सोडताच विझला पाहिजे. बटण न दाबताच दिवा लागलेला असून दाबल्यावर विझत असल्यास चुकीचे टोक निवडले आहे असे समजावे. फळी संगणकास जोडलेली असताना ही परीक्षा करू नये.

संगणकाशी सांधणे

पहिली पायरी अगदी अल्प खर्चाची आहे. शाळेतील जुना पण चालू स्थितीतील तारेचा माऊस उघडावा. डाव्या बाजूच्या कळीखाली लहान स्विच दिसतो. दाबल्यावर त्याचे जे दोन पाय एकमेकांस जोडले जातात, त्यांना फळीवरील एका बटणाच्या दोन तारा डाख देऊन जोडाव्यात. आता मोठे बटण दाबणे म्हणजे माऊसची कळ दाबणेच होय. एका विद्यार्थ्याने माऊस सरकवून बाण योग्य ठिकाणी आणावा व दुसऱ्याने बटण दाबून निवड करावी. अशा रीतीने दोघे मिळून एक काम करतात.

दुसऱ्या पायरीस पाचही बटणांसाठी नियंत्रक पट्टिका लागते. खेळांसाठी मिळणाऱ्या स्वस्त पट्टिका बहुधा संगणकाला खेळाचे साधन म्हणून ओळख देतात. अभ्यासाचे पुष्कळसे कार्यक्रम तिकडे लक्षच देत नाहीत. म्हणून कळफलक म्हणून ओळख देणारी, उदाहरणार्थ आर्डुइनो लिओनार्डो, ही पट्टिका घ्यावी. काळी तार तिच्या शून्य दाबाच्या टोकास व इतर तारा एकेका प्रवेशटोकास जोडाव्यात. प्रत्येक प्रवेशटोक आतील रोधामार्फत 5 व्होल्टपाशी धरून ठेवलेले असते. बटण दाबताच ते शून्यावर येते आणि पट्टिका ठरलेले अक्षर संगणकास कळविते.

येथे एक अडचण संभवते. भांड्यावर झाकण टाकले म्हणजे ते स्थिर होण्यापूर्वी दोन-चारदा थरथरते. मायक्रोस्विचची पट्टीही जोडली जाताना तशीच क्षणभर उडते. त्यामुळे एकदा दाबलेले अक्षर दोनदा उमटते. पहिल्या स्पर्शानंतर सुमारे 20 सहस्रांश सेकंद थांबावयाची सूचना आज्ञावलीत दिली, म्हणजे हा दोष जातो. कंप असलेल्या हातासाठी हाच अवकाश अर्ध्या सेकंदापर्यंत वाढविता येतो. तेवढ्या अवधीत हात पुन्हा पडला, तरी तो मोजला जात नाही.

दक्षता

घरातील 230 व्होल्टच्या विजेचा या साधनाशी कोणताही संबंध येऊ देऊ नये. गोल करवत व डाख देण्याची इस्तरी प्रौढांनीच हाताळावी. पेटीतून बाहेर पडणारी तार आतल्या बाजूस गाठ मारून पक्की करावी, म्हणजे ओढ बसली तरी सांधे सुटत नाहीत.

वर्गातील उपयोग

पाच बटणांना पाच पर्याय देऊन प्रश्नमंजूषा, अक्षरओळख, अंकओळख व चित्रनिवड सहज घेता येते. टोप्यांवर जाड अक्षरे, चित्रे किंवा खरखरीत कागदाच्या आकृती चिकटवाव्यात. फळी विशिष्ट विद्यार्थ्यासाठी बनविली असली, तरी ती सर्व वर्गाने वापरावी. ‘हे त्याचे साधन’ असा शिक्का बसल्यास ते मूल ते साधन टाळू लागते.

दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या 2016 सालच्या कायद्याने 21 प्रकारची दिव्यांगता मान्य केली आहे. एकाच मापाची फळी या सर्वांना पुरणार नाही. कोणाला कोपराने, कोणाला पायाने, कोणाला मानेच्या हालचालीने बटण दाबणे सोपे जाईल. तेथे एकच बटण वेगळ्या पेटीत बसवून त्या जागी ठेवावे. याबाबत तालुक्यातील विशेष शिक्षकांचा सल्ला अवश्य घ्यावा. फळी लाकडाची आहे; छिद्र चुकले तर नवी कापता येते, बटण दूर पडले तर जवळ आणता येते. फळी मुलाच्या हाताप्रमाणे बदलत राहिली, की त्याला ठाऊक असलेले उत्तर पडद्यावर बिनचूक पोहोचेल.